बटणांखालची नावं

एप्रिलमधल्या एका रविवारी आमच्या बुद्धविहाराच्या सभागृहातले चारही संगणक चालू केले, तेव्हा बटणांखालची नावं गेलेली होती.

मी तिथे दर रविवारी दुपारी बायकांना संगणक शिकवते. माझी नोकरी एका सरकारी कार्यालयात, आवक-जावक विभागात. राहते मनीषनगरात, आईबरोबर. जुनी वस्ती सोडून आम्हाला बरीच वर्षं झाली, पण तिथलं विहार सुटलं नाही. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. शाळेत प्रमाण मराठी आणि घरी नागपुरी, असा तिचा आयुष्यभराचा नेम. रविवारी तीही माझ्यासोबत येते. सुरुवातीला मागच्या खुर्चीवर पेपर वाचत बसायची. पुढे तिच्या लक्षात आलं की मी फार भरभर शिकवते, आणि तिने न बोलता वर्ग ताब्यात घेतला.

आमच्याकडे येणाऱ्या बायका पन्नाशी-साठीच्या. कोणी डबे करते, कोणी शिलाई, कोणाचे पाय दुखतात म्हणून काम सुटलेलं. बहुतेकींना वाचता येतं, पण सावकाश. ओठ हलवत, एकेका अक्षरावर बोट ठेवत. त्या घाई करत नाहीत. वाचून झालं की वर बघतात आणि मग बटण दाबतात.

डबे करणाऱ्या बाईंना आम्ही काकू म्हणतो. त्या दिवशी त्या नातीच्या शाळेचं काहीतरी भरत होत्या. मागच्या पानावर जायचं म्हणून त्यांनी एक वाकडा बाण दाबला, आणि भरलेलं सगळं कोरं झालं. त्या पडद्याकडे बघत राहिल्या आणि मला म्हणाल्या, "ताई, इथचे शब्द कुठं गेले?"

मी जवळ जाऊन पाहिलं. तो बाण मागे जायचा नव्हता, पान परत मागवायचा होता. वरची मेनूची ओळ नाहीशी झाली होती. उघडलेली पानं डाव्या कडेच्या बारीक पट्टीत जाऊन बसली होती. जपून ठेवलेले पत्ते एका चांदणीच्या मागे, बाकी सगळं तीन ठिपक्यांच्या आत. आणि प्रत्येक बटणाच्या खाली जो मराठी शब्द असायचा, तो कुठेच नव्हता. उरली होती नुसती बारीक रेघांची करडी चित्रं. ब्राउझरने आदल्या आठवड्यात स्वतःच स्वतःला नवं करून घेतलं होतं.

शेजारच्या बाईंना वाटलं, आपणच काही बिघडवलं. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि वर्ग सुटेपर्यंत उचलले नाहीत. मी कितीदा सांगितलं की तुमची चूक नाही. त्या मान हलवत होत्या, पण हात काही हलले नाहीत. मला राग आला तो त्या हातांकडे बघून.

ते शब्द माझे होते, हे इथे सांगायला हवं. आम्ही वापरतो तो ब्राउझर कुठल्या बड्या कंपनीचा नाही. जगभरचे हौशी लोक मिळून तो बनवतात, फुकट वाटतात, आणि आपापल्या भाषेत आणतात. मराठीत आणणाऱ्यांमध्ये मी होते. खरं सांगायचं तर बरीच वर्षं मीच होते. कार्यालयातून आल्यावर चहा घ्यायचा आणि इंग्रजी शब्दाशेजारच्या रिकाम्या चौकटीत मराठी शब्द बसवायचा, हा माझा छंद होता. पान परत मागवायच्या बटणाला भाषांतराच्या नियमावलीप्रमाणे 'ताजेतवाने करा' म्हणायचं होतं. आईने ते वाचून विचारलं की पानाला अंघोळ घालायची आहे का. मग मी 'पुन्हा आणा' लिहिलं, आणि ते टिकवायला भांडले. 'मागे', 'पुढे', 'खुणा', 'छापा', 'उतरवून घ्या'. एकेका शब्दावर आमचं जेवण थंड झालेलं आहे. शब्द लहान हवा, बटणाखाली मावायला हवा, आणि काकूंनी वाचल्याबरोबर त्यांना कळायला हवा. या तिन्ही गोष्टी एका शब्दात सापडल्या की मला दिवसभर बरं वाटायचं.

सोमवारी मी ब्राउझरच्या चर्चेच्या पानावर गेले. तिथे आधीच रणकंदन चाललेलं होतं. कोणाला पट्टी डावीकडे नको होती, कोणाचा मेनू हरवला होता, कोणी रंगावरून चिडलेलं होतं. एकाने लिहिलं होतं की माझ्या घरात शिरून कोणीतरी भांडी हलवून गेलंय. बनवणाऱ्यांकडून सगळ्यांना साधारण एकच उत्तर मिळत होतं: बदल म्हटलं की सुरुवातीला त्रास होतो, सवय होईल. मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं की बटणांखालचे शब्द का काढले. उत्तर नम्र आलं. चित्रांना भाषा लागत नाही, त्यांनी लिहिलं. चित्र जगात सगळ्यांना सारखंच कळतं, आणि तुमच्यासारख्या भाषांच्या लोकांना याचा सर्वांत जास्त फायदा होईल.

'तुमच्यासारख्या भाषा' हे शब्द मी दोनदा वाचले.

त्याच आठवड्यात पुढच्या आवृत्तीची वाक्यं भाषांतराला आली. ब्राउझर पहिल्यांदा उघडला की एक स्वागताचं पान येणार होतं, त्यावरची ती वाक्यं. पहिलं सोपं होतं. दुसरं वाचलं आणि माझा हात थांबला. त्याचं मराठी सरळ होतं: 'आम्ही पसारा कमी केला आहे. आता सगळं अधिक सोपं.'

पसारा म्हणजे काय, ते मला माहीत होतं. मेनूची ओळ आणि बटणांखालचे शब्द. मी इतकी वर्षं बसवलेले शब्द हा पसारा होता, तो उचलून टाकला होता, आणि ही बातमी मराठी माणसांना मराठीत मीच सांगायची होती. वर, तुमच्या भल्यासाठी केलं, असंही म्हणायचं होतं. मी ती चौकट रिकामी ठेवली. बाकीची सगळी वाक्यं नीट केली, दोनदा तपासली, आणि तेवढी एक कोरी ठेवून पाठवून दिली.

भाषांतरांवर देखरेख करणारे एक गृहस्थ पुण्यात असतात. फार अभ्यासू माणूस, कधी आवाज चढवत नाहीत. त्यांचा फोन आला. त्यांना वाटलं, एक वाक्य नजरेतून सुटलं असेल. मी सांगितलं की सुटलं नाही, सोडलंय.

"मॅडम, भाषांतरकाराने मत द्यायचं नसतं," ते म्हणाले. "मूळ वाक्य आपलं नाही. आपण फक्त पोचवतो."

"मत असतं तर मी गिळलं असतं, सर. हे वाक्य खरं नाही. माझ्या वर्गातल्या बायकांना सोपं झालेलं नाही, आणि ते त्यांना माझ्या शब्दांत वाचावं लागेल."

त्यांनी मला समजावलं. चौकट कोरी राहिली तर मराठी वापरणाऱ्यांना तिथे इंग्रजी वाक्य दिसेल, त्यात भाषेचीच नाचक्की. मी म्हटलं, दिसू द्या. ज्याचं वाक्य आहे त्याच्याच भाषेत दिसू द्या. त्यावर ते म्हणाले की असं असेल तर ते वाक्य त्यांना स्वतः करावं लागेल. मी म्हटलं, करा, पण माझ्याकडून होणार नाही. मी फोन ठेवला. कार्यालयात वरिष्ठांना मी आजवर असं उत्तर दिलेलं नाही. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने माझ्या ताटात भाकरी वाढली.

पुढच्या सुट्टीला माझा मोठा भाऊ मौद्याहून आला. तो तिथल्या वीजकेंद्रात कंट्रोल रूममध्ये काम करतो. नवा ब्राउझर त्याच्याकडेही आलेला होता आणि त्याला तो आवडलेला होता. जागा मोकळी झाली, पान मोठं दिसतं, असं त्याचं म्हणणं. जेवताना मी माझी हकिकत सांगितली, तर तो हसायला लागला. फुकटच्या कामात भांडण काहून करून राहिली, असं त्याने मला विचारलं. मग आईकडे वळून म्हणाला, "दुनिया बदलून राहिली, आई. चित्र तं अनपढ माणसालेबी समजते. त्यात वाईट काय हाये?"

आईने घास खाली ठेवला.

"हाव, समजते. माही माय बिडीचं बंडल चित्र पाहून ओळखे. हे मोराचं, हे घोड्याचं. तिले नाव वाचता येत नव्हतं म्हणून तिच्यासाठी मोर होता. मी नाव वाचाले शिकली. आता मले परत मोर काहून दाखवून राहिले?"

आमची आजी बिडीच्या कारखान्यात होती, पानं घरी आणूनही बिड्या वळायची. पगाराला अंगठा लावायची. दीक्षा घेऊन आल्यावर तिने घरात दोन गोष्टी केल्या: देव विसर्जित केले आणि आईला शाळेत घातलं. आई संध्याकाळी शाळेतली अक्षरं घरी आणायची आणि तेंदूपत्त्याच्या ढिगाशेजारी बसून आजीला शिकवायची. आजी पुढे सही करायला लागली. तिची सही मी पाहिली आहे. अक्षरं मोठाली, कागदात रुतलेली, आणि शेवटच्या अक्षरापुढे एक ठिपका, जसा काही कोणी आता यात भर घालू नये. हे सगळं भावालाही माहीत होतं. पण ते ब्राउझरशी जोडून कोणी त्याच्यासमोर कधी मांडलं नव्हतं. मीही नाही. मी आपली शब्द मावतात की नाही एवढंच बघत आले होते.

भाऊ हात धुताना मला म्हणाला, "आमच्या पॅनलवर हरेक बटणाखाली नावाची पट्टी राहते. पट्टी निघाली तं ती परत लावेपर्यंत कोणी त्या बटणाले हात नाही लावत." मी म्हटलं, मग हेच तिथे लिही ना. तो म्हणाला, मले वेळ नाही, आणि मले तो नवाच आवडते. त्याच्या फोनवर अजूनही तोच आहे, जसा आला तसा.

पण आईच्या डोक्यात काहीतरी चालू झालं होतं. रविवारी तिने वर्गाला सांगितलं की आज धडा नाही. आज आपल्याला काय वाटतं ते प्रत्येकीने टाइप करायचं, आणि जे लोक हे बनवतात त्यांच्या पानावर जसंच्या तसं टाकायचं. काकूंनी विचारलं, कोणत्या भाषेत. आई म्हणाली, जी येते त्या भाषेत.

ती दुपार मला चांगली आठवते. पंखे घरघरत होते, बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि आत चार संगणकांवर आळीपाळीने बायका एकेक कळ शोधून दाबत होत्या. जोडाक्षरांपाशी गाडी अडायची. कोणी विचारायची, 'त्र' कसा काढायचा, आणि दुसरी उठून दाखवायला जायची. मांडीवर हात ठेवून बसलेल्या बाईंनीही लिहिलं. त्यांचं सगळ्यांत छोटं होतं: "मी शब्द वाचून बटन दाबत होती. आता भेव लागते." काकूंनी लांबलचक लिहिलं, त्यात डब्यांच्या झाकणांवर त्या गिऱ्हाइकांची नावं कशी लिहितात ते होतं, नाव नसेल तर मधुमेहवाल्याला गूळ घातलेलं वरण जाईल, असंही होतं. आईने एकीचंही शुद्धलेखन दुरुस्त केलं नाही. चाळीसेक वर्षं लाल शाई वापरलेल्या बाईने ते केलं नाही, याचं मला तेव्हा फार नवल वाटलं.

मी सगळं तसंच्या तसं टाकलं. इंग्रजी केलं नाही.

दुसऱ्या दिवशी कोणीतरी सौजन्याने लिहिलं की कृपया इंग्रजीत लिहावं, म्हणजे सगळ्यांना समजेल. एकाने यंत्राकडून भाषांतर करून पाहिलं होतं, पण 'मले' आणि 'काहून' यंत्राला झेपले नाहीत, आणि बाहेर भलतंच काही आलं होतं. मी कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत उत्तर लिहिलं. इंग्रजीत लिहिलं, मुद्दाम, म्हणजे समजलं नाही असं कोणी म्हणायला नको. लिहिलं की आम्ही तुमची प्रत्येक ओळ वर्षानुवर्षं शब्दकोश घेऊन वाचत आलोय, आणि कधी तक्रार केली नाही. एकदा तुम्ही आमच्यासाठी तेवढा त्रास घ्या. चित्रांना भाषा लागत नाही, असं तुम्ही म्हणता. तक्रारीला लागते.

पाठवायचं बटण दाबलं आणि डबा न खाताच परत जागेवर जाऊन बसले. वाटलं, आता मला भाषांतरकारांच्या यादीतून काढून टाकतील. काढलं तर काढलं, असंही वाटलं.

काढलं नाही. संध्याकाळी पाहिलं, तर माझ्या उत्तराखाली कोणीतरी एका अनोळखी लिपीत चार ओळी लिहिल्या होत्या. ती लिपी कोणत्या देशाची हेदेखील मला कळलं नाही. त्याखाली आणखी एक, वेगळ्याच अक्षरांत. एक तमिळमध्ये होतं, तेवढं ओळखता आलं. मग उजवीकडून डावीकडे जाणारी एक लिपी. आठवडाभर ते पान भरत राहिलं. त्यातलं मला काही वाचता येत नव्हतं, पण आईला दाखवलं तेव्हा ती चष्मा पुसून बराच वेळ वरखाली बघत राहिली. म्हणाली, "सगळ्यायच्या घरी माह्या मायसारखी एखादी माय दिसते."

बनवणाऱ्यांपैकी एकीने शेवटी लिहिलं की आम्ही हे वाचतो आहोत, थोडा वेळ द्या. सवय होईल, असं या वेळी लिहिलं नाही.

दरम्यान स्वागताचं पान आलंच. पुण्याच्या गृहस्थांनी ते वाक्य स्वतः केलं होतं. मी घाबरत उघडलं. त्यांनी 'पसारा' लिहिलं नव्हतं. 'आम्ही रचना बदलली आहे' एवढंच लिहिलं होतं, सोपं झाल्याचा दावा गाळून. मूळ वाक्याशी त्याचा फारसा संबंध नव्हता. नियमावली तोंडपाठ असलेल्या माणसाने हे केलं होतं. मी त्यांना फोन केला नाही, त्यांनीही विषय काढला नाही.

शब्द परत आले ते दिवाळीच्या सुमाराला, आणि पूर्ण आले नाहीत. नव्या आवृत्तीत सेटिंगच्या आत, बरंच खाली, एक चौकोन दिला होता. त्यात टिचकी मारली की बटणांखाली नावं दिसणार. चौकोन मुळात रिकामाच असणार. ज्याला हवं त्याने शोधून भरावा. मेनूची ओळ तर गेली ती गेलीच. मी चर्चेच्या पानावर लिहिलं की हे अर्धंच झालं, नावं आधीपासून दिसायला हवीत आणि ज्याला नको त्याने ती काढावीत. त्यावर अजून उत्तर नाही. मी दर महिन्याला परत लिहिते.

त्या चौकोनाशेजारच्या ओळीचं मराठी करायचं काम माझ्याकडेच आलं. नियमावलीच्या हिशेबाने ते 'मजकूर लेबले दर्शवा' असं व्हायला हवं होतं. आईला विचारलं, तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, बटणांची नावं दाखवा. मी तेच लिहिलं. पुण्याहून निरोप आला की कल्पना उत्तम आहे, फक्त लेखी मराठीत 'नावे' करू या. मी परत 'नावं' केलं. त्यांनी 'नावे' केलं. हे काही दिवस चाललं, दोघांपैकी कोणी एक शब्दही जास्त न लिहिता. मग एकदा मी पाहिलं, तर 'नावं' तसंच राहिलेलं होतं आणि पुढे त्यांच्या मान्यतेची खूण होती.

विहारातल्या चारही संगणकांवर मी तो चौकोन भरणार होते, पण आईने भरू दिला नाही. तिने प्रत्येकीला स्वतः शोधायला लावला. तीन ठिपके, मग सेटिंग, मग खाली, आणखी खाली. ज्या बाईंनी हात मांडीवर ठेवले होते त्यांना सगळ्यांत वेळ लागला, आणि आम्ही सगळ्या थांबलो. पडद्यावर 'मागे' उमटलं तेव्हा त्यांनी तो शब्द मोठ्याने वाचला. मग 'पुढे' वाचला. मग सगळी ओळ.

आता एखादं अपडेट आलं की तो चौकोन कधीकधी आपोआप रिकामा होतो. बायका कुरकुरतात आणि परत भरतात. वाट सगळ्यांची पाठ झाली आहे.

काकूंची मुलगी लकडगंजात दिली आहे. जावयाचा लाकडाचा धंदा, दुकानात संगणक. मागच्या महिन्यात काकू तिकडे गेल्या होत्या. जावई गिऱ्हाइकाशी बोलत होता तेवढ्यात त्यांनी खुर्चीवर बसून तीन ठिपके उघडले आणि नावं चालू करून टाकली. जावई येऊन म्हणाला, मामी, मले याची गरज नव्हती.

"मले होती," काकू म्हणाल्या, आणि बसल्या जागेवरून त्याच्या दुकानातल्या सागवानाचे पडद्यावरचे भाव वाचायला लागल्या.